बॅटरीचे पासबुक

सकाळच्या घाईत सेल्फचे बटण दाबावे आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज यावा, की आपल्याकडे निकाल ठरलेला असतो : बॅटरी गेली! घरची मंडळी, शेजारी, कोपऱ्यावरचा पानवाला, सगळ्यांचे यावर एकमत होते. हजार-दीड हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसवली जाते, गाडी चालू लागते आणि निकाल बरोबर होता असे सर्वांना वाटते. दोन-तीन महिन्यांनी तोच ‘टक्’ पुन्हा ऐकू येतो. मग बॅटरी बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार सुरू होतो. पण पंचनामा तेव्हाही झालेला नसतो.

माझी उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली. खात्यात पैसे उरले नाहीत अशी तक्रार घेऊन खातेदार आला, तर आम्ही काही त्याच्या हातात नवे पासबुक ठेवत नसू. जुने उघडून पाहत असू. पगार जमा झाला का? कोणी भरमसाट काढले का? एखादा हप्ता गुपचूप कापला जातो आहे का? मोटारसायकलची बॅटरी हे असेच एक खाते आहे. इंजिन फिरताना मॅग्नेटची कॉइल वीज निर्माण करते; रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाचा डबा ती सरळ करून, माफक करून बॅटरीत जमा करतो. सेल्फ, दिवे आणि हॉर्न ती काढतात. शिल्लक शून्य झाली तर दोष खात्याचा, जमेचा की गळतीचा, हे आधी ठरवायला हवे.

सोलापुरात हा प्रश्न हौसेचा नाही. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे हे गाव कधीकाळी सायकलवर कामाला जात असे. आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या यंत्रमागावर जाणारा कामगार, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून शहरात येणारे बिडी कामगारांचे कुटुंब, पहाटे दूध घालणारा, भाजी आणणारा, हे सारे दुचाकीवर अवलंबून आहेत. गाडी अडली की खाडा पडतो. विनाकारण घेतलेली बॅटरी अशा घरात आठवड्याच्या कमाईला मोठे भगदाड पाडते.

पूर्वी एक सोय होती. किक मारली की निभावत असे. त्या काळच्या अनेक मोटारसायकलींत ठिणगीची वीज बॅटरीतून न येता मॅग्नेटोतूनच येई. बॅटरी मेलेली असली तरी गाडी गावभर फिरत असे. आता १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. त्याच्या पंपाला आणि मेंदूला वीज लागतेच. शिवाय अनेक गाड्यांना किक राहिलेली नाही. म्हणजे खर्च वाढला आणि उसनवारीची सोय गेली.

तपासणीसाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो. आणल्यावर आधी एका नव्या पेन्सिल सेलवर लावून पाहा. दीड व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर मीटरवर विश्वास ठेवा. मग बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का, नट ढिले आहेत का, हे बघा. सोलापूरकरांना एक विनंती : तोंडात बिडी ठेवून हे काम करू नका. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो भडकतो. टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चालतंय का’ पाहण्याची जुनी खोड नव्या गाडीत महागात पडते. दाब एकदम उसळतो आणि इलेक्ट्रॉनिक मेंदू जळू शकतो.

पहिला आकडा शिल्लकेचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली बंद असताना, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून टर्मिनलला लावा. येथे एक गैरसमज भेटतो : बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते, म्हणजे ठीकच की! तसे नाही. आत सहा कप्पे असतात आणि भरलेला प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ दिवाळे. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला, तर एक कप्पा मेला असे समजावे.

दुसरा आकडा पैसे काढतानाचा. मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. आकडा खाली येणारच, पण चांगली, भरलेली बॅटरी साधारण दहाच्या आसपास तरी तग धरते. नवाच्या खाली कोसळली तर ती थकली आहे. मात्र ही परीक्षा भरलेल्या बॅटरीचीच घ्यावी. उपाशी माणसाला पळवून तो अशक्त आहे असे ठरवण्यात अर्थ नाही. आधी लहान चार्जरने ती भरून घ्या. बॅटरीवर ५ अँपिअर-तास लिहिले असेल तर अर्धा अँपिअर पुरे. ट्रकचा चार्जर लावून तासाभरात उरकण्याची घाई नको.

तिसरा आकडा जमेचा, आणि तोच बहुतेक ठिकाणी कोणी पाहत नाही. गाडी मोकळ्या हवेत सुरू करा, दिवा चालू ठेवा आणि रेस थोडी वाढवा. आकडा चढून साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टवर स्थिरावला तर पगार वेळेवर जमा होतो आहे. तो जागचा हलला नाही किंवा खाली घसरत गेला, तर नवी बॅटरी आणूनही उपयोग नाही. ती जमलेली पुंजी खाऊन बसेल. पंधराच्या वर गेला तर उलटा रोग आहे. रेग्युलेटर बिघडला असून बॅटरी उकळते आहे.

जमा होत नसेल तर आधी वाट तपासावी. रेक्टिफायरकडे जाणाऱ्या वायरींचा प्लग उघडून पाहा. करपलेले प्लास्टिक, हिरवी पडलेली पितळी पाती, ढिला अर्थ, निम्मे रोग इथेच सापडतात. मीटरचे एक टोक निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. गाडी चालू असताना तिथे पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ नीट नाही. कॉइलमधून तीन सारख्या रंगाच्या, बहुधा पिवळ्या, वायरी येत असतील तर प्लग सोडून, मीटर एसीवर ठेवून, दोन-दोन वायरींमध्ये मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत आणि रेसबरोबर चढायला हवेत. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळली. तिन्ही ठीक असून बॅटरीला पोचत नसेल तर संशय रेक्टिफायरवर. जुन्या शंभर सीसी गाड्यांत कॉइलची रचना निराळी असते, तिथे ही कसोटी लावू नये.

राहिली गळती. किल्ली बंद, निगेटिव्ह वायर काढलेली. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये जोडा. या वेळी किल्ली फिरवू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. काही मिलिअँपिअर गेले तर हरकत नाही. पण समजा २० मिलिअँपिअर जात आहेत. दिवसाचे २४ तास धरले तर ०.४८ अँपिअर-तास. ५ अँपिअर-तासांचे खाते दहा दिवसांत साफ! मुलाने हौसेने बसवलेला अलार्म, मोबाइल चार्जर, रंगीत दिव्यांची पट्टी यांचे हप्ते असेच कापले जातात.

याउलट सेल्फला आपण उगाच दोष देतो. हिशेबापुरते ६० अँपिअर तीन सेकंद धरले, तर खर्च होतो ०.०५ अँपिअर-तास. एक अँपिअर जादा जमा होत असेल तर तीन-चार मिनिटांत भरपाई होते. पण सात रस्त्याच्या गर्दीत मंद गतीवर उभ्या गाडीची कमाई मुळात तुटपुंजी असते; त्यात २० वॅटचे दोन जादा दिवे लावले की सव्वातीन अँपिअर त्यांनाच लागतात. त्यात आपला उन्हाळा. पारा चाळिशीच्या पुढे गेला की बॅटरीतले पाणी उडते आणि आयुष्य घटते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी नको आणि ॲसिड तर नकोच.

आमच्या गल्लीतल्या एका दूधवाल्या तरुणाने दीड वर्षात दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या. तिसरीच्या तयारीत असताना आम्ही कट्ट्यापाशी मीटर लावला. शिल्लक ११.९, रेस वाढवली तरी १२.१ च्या वर जाईना. कॉइलचे तिन्ही आकडे सारखे निघाले. शेवटी पिवळ्या वायरींचा प्लग उघडला, तर आतून कोळसा. नवा प्लग किरकोळ पैशात बसला, जुनीच बॅटरी चार्ज करून लावली आणि ती अजून चालते आहे. “काका, म्हणजे बॅटरी चोर नव्हतीच की ओ!” एवढेच तो म्हणाला.

याचा अर्थ मेकॅनिकशी वैर धरावे असा नाही. कॉइल बदलणे, रेक्टिफायर तपासणे हे त्याचेच काम. मात्र त्याच्याकडे जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत : उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा आणि रेस केल्यावरचा. चांगला कारागीर असा कागद पाहून खूश होतो; त्याचा अर्धा तास वाचतो. आणि बॅटरी खरोखरच संपली असे ठरले, तर जुनी दुकानदाराकडेच परत द्या. तिच्यात शिसे आणि गंधकाम्ल असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेलेली बॅटरी कुठल्या तरी वस्तीत उघड्यावर फुटते, आणि ते शिसे तिथल्या पोरांच्या रक्तात उतरते. म्हणून हकनाक बदललेल्या प्रत्येक बॅटरीचा खर्च आपल्याच खिशापुरता राहत नाही. पाच मिनिटांत घेतलेल्या तीन आकड्यांनी तो वाचत असेल, तर एवढा हिशेब ठेवायला काय हरकत आहे?