खांदा नसलेली काडतुसे

अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्प्रिंगफील्ड बंदुकीसाठी .४५-७० हे काडतूस घेतले, तेव्हा त्याच्या सरळ पुंगळीकडे कुणी वळूनही पाहिले नसेल. काळ्या दारूला भरपूर जागा लागे, शिशाची गोळी जाड असे, आणि दोन्हींना सामावणारी पितळी पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ एकाच रुंदीची असे. १८८६ मध्ये फ्रान्सची लेबेल रायफल धूररहित दारू घेऊन आली आणि हिशेब बदलला. आता थोड्या दारूत जास्त जोर मिळू लागला, गोळी बारीक आणि वेगवान झाली, पुंगळीला खांदा आला आणि पुढे निमुळती मान आली. १८९२ मध्ये अमेरिकेनेही क्रॅग रायफल स्वीकारून .४५ ला निरोप दिला.

पण सरळ पुंगळी एका कोपऱ्यात टिकून राहिली. तो कोपरा अर्धस्वयंचलित शिकारी रायफलींचा होता.

विंचेस्टर कंपनीचे रचनाकार टी. सी. जॉन्सन यांनी १९०५, १९०७ आणि १९१० साली अशा तीन रायफली बाजारात आणल्या. त्यांत बोल्टला कुलूपच नव्हते. स्फोटाचा दाब पुंगळीला मागे ढकले, तिच्यामागचा जड बोल्ट आपल्या वजनाने तिला क्षणभर थोपवून धरी, आणि तेवढ्यात गोळी नळीतून निसटे. अशा यंत्रणेत पुंगळी दाब असतानाच मागे सरकू लागते. सरळ पुंगळी तशी सरकली तरी तिच्या भिंती चेंबरला चिकटून वायू अडवून धरतात. खांद्याच्या पुंगळीत मात्र खांद्यापुढे पोकळी तयार होते आणि पितळ ताणून फाटण्याची भीती असते. म्हणून .३५१ आणि .४०१ ही विंचेस्टरची काडतुसे सरळच राहिली. हा जुनेपणाचा सोस नव्हता, त्या यंत्राची ती गरज होती. .४०१ साठी बोल्टला जोडलेले वजन इतके वाढवावे लागले की दणका सोसणाऱ्याने ती रायफल हौसेने विकत घेतली असेल का, असा प्रश्न मला पडतो.

जॉन्सन यांच्याच .३२ काडतुसापासून १९४१ मध्ये एम-१ कार्बाइनचे .३० काडतूस निघाले. त्याची बुडाची बाहेर आलेली कड, म्हणजे रिम, काढून टाकली होती. मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या काडतुसांच्या रिमा एकमेकींत अडकतात, तो त्रास गेला. पण चेंबरमध्ये काडतूस नेमके किती आत जाऊन थांबावे हे तीच रिम ठरवत असे. रिम नाही आणि खांदाही नाही, तर ते काम पुंगळीच्या तोंडाच्या बारीक कडेवर आले. मग गोळी घट्ट धरण्यासाठी ती कड आत फार दुमडता येत नाही. काडतूस भरणाऱ्याला तेव्हापासून गोळीची पकड आणि कडेचा आधार ही दोन्ही सांभाळावी लागतात. .४४ मॅग्नमसाठीची रूगर कार्बाइन १९६१ च्या सुमारास आली आणि १९८५ पर्यंत चालली. पिस्तुलाचे रिमवाले काडतूस घेऊन आलेली ही रायफल दाट झाडीतल्या हरणाला पुरेशी होती, पण तिच्यापुढे रस्ता नव्हता.

रस्ता दिसला तो एका तक्रारीतून. बंदुकांवर लिहिणारे जेफ कूपर यांना एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीचे बारीक काडतूस पसंत नव्हते. .४४ किंवा त्याहून जाड गोळीची, २५० यार्डांवर मोठे जनावर पाडणारी अर्धस्वयंचलित रायफल त्यांना हवी होती. तिला ते ‘थम्पर’ म्हणत. टिम लजांद्र यांनी त्या कल्पनेवर काडतूस बांधले, हॉर्नाडीने त्याची पुंगळी आखूड केली आणि २००७ मध्ये .४५० बुशमास्टर बाजारात आले. त्यात २५० ग्रेनची गोळी आहे आणि वेग सेकंदाला सुमारे २२०० फूट. अडचण बुडाशी होती. एवढी जाड पुंगळी पकडायला एआर-१५ च्या लहानशा बोल्टचे तोंड मोठे करावे लागले, कडेचे पोलाद पातळ झाले, म्हणून दाब ३८,५०० पीएसआयवर थांबवला गेला. मॅगझिनमध्येही काडतुसे दुहेरी रांगेत न बसता एकेरी बसतात.

हे काडतूस चालले ते कूपर यांच्या स्वप्नामुळे नव्हे, तर हरणांच्या शिकारीच्या नियमांमुळे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९०४ पर्यंत पांढऱ्या शेपटीचे हरीण संपले होते. पुढे हरणे परतली, आणि इंडियानात शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू झाला तो १९५१ मध्ये. सपाट शेते आणि जवळजवळची घरे, म्हणून तिथे दूर जाणाऱ्या रायफलींना बंदी आणि शॉटगनला मुभा. ती बंदी सैल करताना राज्यांनी पुंगळीच मोजायला घेतली. इंडियानाने २००७ मध्ये पिस्तुलाच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. मिशिगनने २०१४ मध्ये दक्षिण भागासाठी नियम केला: व्यास .३५ किंवा जास्त, भिंती सरळ, पुंगळी १.१६ ते १.८० इंच. ओहायोही त्याच वर्षी सैल झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकार जवळजवळ कथांतच उरलेल्या भारतातल्या आपल्याला हे इंचांचे कायदे गमतीचे वाटतील, पण तिथे कारखाने त्यावर चालतात.

२०१९ चे .३५० लेजेंड हे काडतूस या नियमांचे सर्वांत धूर्त अपत्य. पुंगळी १.७१ इंच, म्हणजे मिशिगनच्या मापात. गोळीचा व्यास कागदावर .३५७, आणि इंडियानाची किमान अटही .३५७ च होती. बूड एआर-१५ च्या मूळ .२२३ काडतुसाच्या मापाचे, त्यामुळे बोल्ट बदलावा लागत नाही, पोलाद पातळ होत नाही आणि दाब ५५,००० पीएसआयपर्यंत नेता येतो. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २३२५ फुटांनी जाते. पुंगळी बाहेर निघताना पूर्ण लांबीभर घासू नये म्हणून तिला हलका उतार दिला आहे, पण नियमाच्या नजरेत ती सरळच. मंद गोळी मिळावी म्हणून घातलेल्या अटीतून निमुळत्या मानेच्या जुन्या .३०-३० काडतुसाच्या तोडीचे काडतूस निघाले, आणि मला यात कारखान्याचा दोष दिसत नाही. आकार मोजून वेग आवरता येईल ही समजूतच भाबडी होती. शॉटगन जास्त सुरक्षित असतात, या मूळ गृहीतकालाही २००७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विधिमंडळासाठी केलेल्या अभ्यासाने धक्का दिला होता. बंदूक जमिनीला समांतर धरून झाडली, तर शॉटगनची जड गोळी टप्पा खाऊन रायफलीच्या गोळीपेक्षा दूर जाऊ शकते, असे त्यात निघाले.

२०२३ मध्ये विंचेस्टरने .४०० लेजेंड आणले. त्याच वर्षी इलिनॉयने सरळ पुंगळीच्या काडतुसांना दार उघडले, पण फक्त एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलींसाठी. तिथला शिकारी .३५० लेजेंड वापरतो, तेव्हा त्याला त्या रिमविरहित बुडाचा काडीचा उपयोग नसतो. आणि रेमिंग्टनने त्याच वर्षी लिव्हरच्या रायफलींसाठी .३६० बकहॅमर काढले, ते .३०-३० ची पुंगळी सरळ करून, रिमसकट.