दार पावसाळ्यातच का अडतं?

मे महिन्यात एका बोटाने ढकललं तरी उघडणारं सागवानी दार जुलैत खांदा लावल्याशिवाय हलत नाही. आपण सुताराला बोलावतो, तो रंधा मारून कड उतरवतो आणि डिसेंबरात त्याच फटीतून गार वारा आत येतो.

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. दमट हवेतलं पाणी नळ्यांच्या भिंतींत शिरतं आणि त्या जाड होतात. नळी जाड होते, लांब जवळजवळ होतच नाही. म्हणून दार उंचीला वाढत नाही, रुंदीला वाढतं. फळ्यांना फळ्या चिकटवून केलेल्या तीन फुटी सपाट दारात सेंटिमीटरभर फरक सहज पडतो.

जुन्या सुतारांनी यावर काढलेली युक्ती मला फार हुशारीची वाटते. ते आधी उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करतात. आडव्या पट्टीचे तंतू आडवे, त्यामुळे ती दाराच्या रुंदीत फुगत नाही. फुगतात फक्त दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे जेमतेम पाऊण फूट लाकूड. मधलं पॅनेल खाचेत नुसतं बसवतात, चिकटवत नाहीत. चिकटवलं तर एखाद्या उन्हाळ्यात ते मधोमध तडकतं.

नवं दार करत असाल तर बिजागऱ्या लावण्याआधी खालची आणि वरची कडही रंगवून घ्या. तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि पाणी सर्वांत वेगाने तिथूनच शिरतं.