जबडा दुखतोय? मानेकडेही पाहा

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे हलते, तो जबड्याचा सांधा. तो दुखू लागला, त्यातून कटकट आवाज येऊ लागला की आपण दात किंवा कान तपासून घेतो. मानेकडे सहसा लक्ष जात नाही.

मोठ्या माणसाचे डोके साधारण ४.५ ते ५ किलोचे असते. अभ्यासिकेत पुस्तकावर, शिलाई मशीनवर किंवा मोबाईलवर तासन्‌तास वाकून राहिले की मानेमागचे स्नायू ताणले जातात आणि खालच्या जबड्याची ठेवणही किंचित बदलते. शिवाय चेहऱ्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या वेदनांचे संदेश मेंदूच्या देठात एकत्र येतात. म्हणून मानेचे दुखणे जबड्यात जाणवू शकते.

मात्र बसण्याची चुकीची पद्धत हेच प्रत्येक जबडादुखीचे कारण, असे सिद्ध झालेले नाही. दात आवळण्याची सवय, मानसिक ताण, मार, संधिवात हीही कारणे असतात. त्यामुळे दात तासून पाठ सरळ करून देण्याच्या दाव्यांना भुलू नका, असे आम्ही आवर्जून सांगतो. तासलेला दात पुन्हा वाढत नाही.

आधी साधे उपाय करा. ओठ मिटलेले, पण दात किंचित सुटे ठेवा. अर्ध्या तासाने उठा. काही दिवस मऊ अन्न खा, कोमट शेक द्या. बऱ्याच जणांना एवढ्याने आराम पडतो. तोंड अडकले किंवा सूज आली, तर दंतवैद्यांना दाखवा. जबड्यासोबत छातीतही दुखत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठा.