पुढचा भाग का फसतो? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण व्हिडिओ गेममध्ये गोष्ट कशी सांगितली जाते ते पाहिलं. तेव्हा बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं होतं की एखादा गेम इतका आवडतो, मग त्याचा पुढचा भाग हाती आल्यावर आपण हिरमुसतो, असं का होतं? पैसा जास्त, माणसं जास्त, यंत्रं जास्त ताकदीची. तरी पहिल्याची सर दुसऱ्याला येत नाही.

याचं एक झटपट उत्तर सगळ्यांना पाठ आहे. कंपन्या लोभी असतात, नाव विकून पैसे कमावतात. यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. पण हे उत्तर फार काही समजावून सांगत नाही. पहिला भागही पैशासाठीच केलेला असतो आणि दुसरा करणारी माणसंही मन लावून काम करणारी असतात. म्हणून आज आपण एकच उदाहरण जरा सविस्तर घेऊ.

उदाहरण आहे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं. आपल्याकडे अनेकांनी हा गेम सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत, मागे उभ्या मित्रांच्या सूचना ऐकत खेळलेला आहे, त्यामुळे वेगळी ओळख करून द्यायला नको. मूळ गेम १९८९ सालचा. जॉर्डन मेक्नर या तरुणाने तो अॅपल टू या संगणकासाठी केला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा अडखळतो, कड्याला लोंबकळतो, धापकन पडतो.

आपला आजचा विषय मात्र त्यानंतरचा आहे. २००३ साली युबीसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा नवा गेम आणला. त्याची कथा मेक्नरनेच लिहिली होती. सुरुवात होते ती भारतात. पर्शियाचा राजा आणि त्याचा मुलगा एका महाराजाच्या महालावर हल्ला करतात. महाराजाचाच वजीर फितूर झालेला असतो. राजपुत्राला तिथे एक खंजीर सापडतो आणि लुटीत एक प्रचंड वाळूचं घड्याळ मिळतं. पुढे वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्र त्या घड्याळातली वाळू मोकळी करतो आणि माणसांचे राक्षस होतात. वाचतात फक्त तिघं, वजीर, राजपुत्र आणि महाराजाची मुलगी फराह. म्हणजे ज्या मुलीचं घर याने लुटलं, तिच्याच सोबतीने याला आपली चूक निस्तरायची आहे.

त्या खंजिरात एक शक्ती असते. बटण दाबलं की काळ काही सेकंद मागे जातो. उडी चुकली, दरीत पडलात, तर मागे या आणि पुन्हा प्रयत्न करा. आता हे नीट पाहा. तोपर्यंतच्या बहुतेक गेममध्ये चूक झाली की मरण, आणि मग बराच भाग पहिल्यापासून. इथे चुकीला क्षमा आहे, पण अमर्याद नाही, कारण खंजिरातली वाळू संपते. आणि ही नुसती सोय नाही. सगळी कथाच एका चुकीची आणि ती मागे घेण्याची आहे. आपण बोटांनी जे करतो तेच राजपुत्र मनातून करू पाहतो आहे. शिवाय सगळा खेळ म्हणजे तो कोणाला तरी सांगत असलेली गोष्ट आहे. आपण मेलो की तो स्वतःच म्हणतो की नाही, असं घडलं नव्हतं, आणि गोष्ट पुन्हा मागून सुरू करतो.

अजून एक छोटी गंमत. फराहला तिच्या आईने लहानपणी एक शब्द शिकवलेला असतो, ‘काकोलुकिया’. पंचतंत्र वाचलेल्या माणसाला ‘काकोलूकीय’ हे कावळे आणि घुबडांच्या वैराचं तंत्र आठवल्याशिवाय राहणार नाही. शेवटी राजपुत्र सगळा काळ मागे नेतो. सगळे जिवंत होतात, पण फराहला काहीच आठवत नाही. तिचं प्रेम, तिचा प्रवास, सगळं पुसलं गेलेलं असतं. निरोप घेताना त्याच्याकडे उरतो तो हा एक शब्द. हा शेवट ज्यांनी पाहिला, त्यांनी पुढच्या भागाकडून काय अपेक्षा केली असेल याची कल्पना करा.

पहिल्या गेमची समीक्षकांनी भरपूर तारीफ केली. पण सुरुवातीची विक्री मात्र थंड होती आणि दोषही दाखवले गेले. सगळ्यात मोठी तक्रार मारामारीबद्दल होती. शत्रू येतात, त्याच त्या दोन-तीन युक्त्या करून ते पडतात, मग पुन्हा तेच. तक्रार खोटी नव्हती. आज खेळून पाहिलं तरी तिथे कंटाळा येतो.

साधारण वर्षभरात, २००४ च्या अखेरीस, ‘वॉरियर विदिन’ आला. या वेळी मेक्नर नव्हता. तक्रारीचं उत्तर मात्र चोख दिलेलं होतं. दोन हातांत दोन शस्त्रं, शत्रूचं शस्त्र हिसकावून त्याच्यावरच फेकणं, खांबाभोवती गरकन फिरत वार करणं. मारामारी खरोखरच सुधारली होती. ‘दहाका’ नावाचा काळाचा राखणदार राजपुत्राचा पाठलाग करतो, ते प्रसंग तर आजही अंगावर येतात.

पण राजपुत्र बदलला होता. पहिल्या भागातला थोडा गर्विष्ठ, थोडा बावळट, स्वतःशी बडबडणारा पोरगा गेला आणि त्याच्या जागी दात-ओठ खाणारा, सगळ्यांवर खेकसणारा योद्धा आला. आवाज देणारा कलाकारही बदलला. उन्हात न्हालेले महाल आणि बागा जाऊन करडे, रक्ताने माखलेले दगड आले. मारामारीच्या वेळी कर्कश मेटल संगीत वाजू लागलं. फराह नव्हतीच. मेक्नरने पुढे जाहीरपणे सांगितलं की या भागाची दिशा आणि त्यातली हिंसा आपल्याला रुचली नाही.

आता खरा प्रश्न असा की हे कोणी मागितलं होतं? राजपुत्राची बडबड बंद करा अशी तक्रार मोठ्या प्रमाणावर नव्हती. महाल फार सुंदर आहेत, जरा कुरूप करा, असंही कोणी म्हणत नव्हतं.

आम्हाला याचं उत्तर स्वयंपाकघरात सापडतं. पाहुणा जेवायला बसला आणि आमटीत मीठ कमी असलं तर तो सांगतो. मीठ बरोबर असलं तर काही बोलत नाही, मुकाट्याने जेवतो. आता तुम्ही पुढच्या वेळी स्वयंपाक करताना फक्त पाहुण्यांच्या बोलण्यावर चाललात तर काय होईल? जे बोललं गेलं ते सुधाराल. जे न बोलता आवडलं होतं, त्याची तुमच्याकडे नोंदच नसेल, आणि ते बिघडलं तरी तुम्हाला कळणार नाही.

गेम करणाऱ्यांच्या हाती दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला असते ती तक्रारींची यादी. तक्रार नेमकी असते. मारामारी एकसुरी आहे, हे एका ओळीत लिहिता येतं आणि एका माणसाला काम म्हणून देता येतं. प्रेम मात्र असं लिहिता येत नाही. त्या संध्याकाळच्या उजेडात, त्या दोघांच्या नोकझोकीत, काहीतरी होतं, हे कोणाच्या कामाच्या यादीत टाकणार? म्हणून दुसरा भाग अनेकदा पहिल्यापेक्षा कमी चुकांचा असतो आणि तरीही कमी आवडतो. ‘वॉरियर विदिन’ वाईट गेम नाही. त्याचेही चाहते आहेत आणि त्यांचं म्हणणं आम्हाला पटतंही. पण तो ज्या गेमचा पुढचा भाग होता, त्याचं मर्म त्याच्या हातून सुटलं.

दुसरं कारण वेळेचं. पहिला भाग किती वेळात होईल हे कोणालाच ठाऊक नसतं, कारण काय करायचं तेच शोधायचं असतं. दुसऱ्याची तारीख आधी ठरते आणि मग त्यात काय बसेल ते पाहिलं जातं. बायोवेअरचा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ २००४ साली जाहीर झाला आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्याचा दुसरा भाग सोळा महिन्यांत, मार्च २०११ मध्ये दुकानात होता. परिणाम खेळताना दिसतो. वेगवेगळ्या ठिकाणच्या म्हणून दाखवलेल्या गुहा प्रत्यक्षात एकाच नकाशाच्या आहेत. काही दारं बंद केली की झाली वेगळी गुहा! (हशा)

तिसरं कारण म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्याची ओढ. २००० सालचा ‘ड्यूस एक्स’ हा संगणकावरचा गुंतागुंतीचा गेम. प्रत्येक प्रसंगातून वाट काढायचे अनेक मार्ग, मोठमोठी मोकळी ठिकाणं. २००३ चा ‘इनव्हिजिबल वॉर’ एक्सबॉक्सवरही चालायला हवा होता आणि त्या यंत्रात एकूण मेमरी ६४ मेगाबाइट. जागा आक्रसल्या. सगळ्या बंदुकांना एकाच प्रकारचा दारूगोळा केला, म्हणजे नव्या खेळाडूचा गोंधळ नको. पण कोणती गोळी जपून ठेवायची, कुठे खर्च करायची, हा विचार करणं हीच तर मूळ गेमची मजा होती.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’नंतर १९८६ मध्ये जपानमध्ये जो दुसरा भाग आला, त्यात काहीच बदललं नव्हतं, फक्त सगळं अवघड केलं होतं. विषारी अळंबी, उडी मारताना ढकलणारा वारा, पुढे नेण्याऐवजी मागे टाकणारे चोरवाटांचे नळ. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेला तो फारच कठीण वाटला. त्यांनी १९८८ मध्ये तिकडे एक वेगळाच जपानी गेम, ‘डोकी डोकी पॅनिक’, त्यातली पात्रं बदलून मारिओचा दुसरा भाग म्हणून विकला. म्हणजे फार बदललं तरी फसतं आणि काहीच न बदलता नुसतं वाढवलं तरी फसतं.

मग तक्रारी ऐकायच्याच नाहीत का? असं नाही. त्याच मॉन्ट्रियल स्टुडिओचं उदाहरण घेऊ. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चाच एक उपभाग म्हणून सुरू झालेल्या कल्पनेतून २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ आला. त्याचं नेतृत्व ‘सँड्स ऑफ टाइम’च्याच पात्रीस देझिले यांनी केलं होतं. तक्रारही ओळखीचीच होती की कामं तीच ती आहेत. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, दुसरा भाग आला आणि बहुतेकांच्या मते तो पहिल्यापेक्षा सरस ठरला. तक्रार ऐकली, पण शहराच्या भिंती चढून गच्च्यांवरून धावण्याचा आनंद कोणी हलवला नाही. उलट नव्या शहरांनी तो वाढवला. नेतृत्वही तेच होतं. पहिल्यात काय आवडलं होतं हे ठाऊक असलेला माणूस खोलीत हजर होता, हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आता थोडं आपल्याबद्दल. पहिला भाग खेळताना आपण कोण होतो? शाळा सुटल्यावर कॅफेत पळणारी मुलं. दुसरा भाग येईपर्यंत आपणही बदललेलो असतो आणि पहिल्यांदा आश्चर्य वाटणं ही गोष्ट दुसऱ्यांदा घडत नाही. त्यामुळे प्रत्येक निराशेचं खापर गेमवर फोडणं बरोबर नाही. एक साधी कसोटी आहे. ज्याने पहिला भाग खेळलेलाच नाही अशा माणसाला दोन्ही द्या. दुसरा भाग त्यालाही कमी आवडला, तर दोष गेमचा. फक्त तुम्हालाच आवडला नाही, तर थोडा दोष आठवणींचा.

शेवटी हा विषय आपल्या दारात कसा आला ते सांगतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करण्याची घोषणा झाली आणि ते काम होतं युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. भारतातल्या महालात सुरू होणारी ती गोष्ट महाराष्ट्रात पुन्हा घडवली जाणार होती. पहिली झलक दिसताच जगभरातून चित्रणावर टीकेचा भडिमार झाला. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे ढकलली गेली आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं. टीका करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. पण त्या गदारोळात चेहरे कसे दिसतात याची चर्चा ढीगभर झाली आणि मूळ गेममधलं नेमकं काय जपायला हवं, हे फार थोड्यांनी सांगितलं. आज आपल्याकडची कितीतरी मुलं याच क्षेत्रात काम करतात. टीकेची यादी त्यांच्याही टेबलावर येते.

म्हणून आमची एक विनंती. पुढच्या वेळी एखादा गेम आवडला तर कुठेतरी दोन ओळी लिहा, आणि त्या नेमक्या लिहा. ‘भारी आहे’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या जागी थांबलात, कोणत्या संवादाला हसलात, काय पुन्हा करावंसं वाटलं, ते लिहा. तक्रार जरूर करा, पण मीठ बरोबर पडलं होतं हेही सांगा. ते कोणी सांगितलं नाही, तर पुढच्या भागात ते नसेल.

पुढच्या व्याख्यानात आपण गेममधल्या संगीताबद्दल बोलू. प्रश्न असतील तर आता विचारा.