पावसाळ्यांतील तंतु आणि तापती पाटी

पावसाळ्यांत मीठ पाझरतें आणि पापड मऊ पडतात, हें गृहिणींना सांगावयास नको. परंतु थ्री-डी प्रिंटर नांवाच्या यंत्रास जो प्लास्टिकचा तंतु, म्हणजे फिलामेंट, पुरवावा लागतो, तोही हवेंतील ओल शोषून घेतो, हें मला निवृत्तीनंतर, नुकसान सोसून, शिकावें लागलें.

अंध विद्यार्थ्यांसाठीं उठावाचे नकाशे छापण्याचें काम मीं अंगावर घेतलें आहे. गेल्या आषाढांत छापलेल्या भीमेच्या खोऱ्याच्या नकाशावर सर्वत्र केसांसारखीं बारीक सुतें आलीं. डोळस माणूस त्यांकडे दुर्लक्ष करील. पण बोटांनीं वाचणाऱ्या एका मुलानें भीमेला नसलेली उपनदी मला दाखविली!

कारण साधें आहे. 'पीईटीजी' जातीचा तंतु यंत्राच्या तोंडाशीं सुमारें २४० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्यांतील पाण्याची तत्क्षणीं वाफ होते, चट्‌चट् आवाज येतो, धार तुटक निघते व तिचीं सुतें ओढलीं जातात. शिवाय त्या उष्णतेंत पाणी प्लास्टिकच्या लांब रेणुसाखळ्याही तोडतें. म्हणून छापण्यापूर्वींच तंतु वाळवावा लागतो.

त्यासाठीं स्वतंत्र यंत्रें मिळतात. पण प्रिंटरची पाटी स्वतःच तापते, मग वेगळा खर्च कशाला? (प्रथम मीं स्वयंपाकघरांतील ओव्हन वापरून पाहिला. त्याचें उष्णतामान इतकें वरखालीं झालें कीं, रीळ पापडासारखें वांकडें झालें. त्या दिवशीं घरांत जो संवाद झाला, तो रेडिओवर सांगण्याजोगा नाहीं.)

यंत्राचें तोंड पुरतें वर न्यावें. पाटीवर रीळ आडवें ठेवून त्यावर पुठ्ठ्याचें खोकें उपडें घालावें व खोक्याच्या माथ्यास चार-सहा भोंकें पाडावीं. भोंकें विसरूं नयेत. ३० अंशांची, ८० टक्के दमट हवा ५० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारें २७ टक्क्यांवर उतरते. म्हणजे तिला तहान लागते. पण ओल पिऊन तृप्त झालेली हवा बाहेर पडलीच नाहीं, तर पुढची ओल घेणार कोण? पीईटीजीसाठीं पाटी ६५ अंशांवर ठेवावी. पीएलए जातीचा तंतु ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतो, त्यास ५० पुरे. नायलॉन मात्र अतिशय तहानलेला. त्यास अशा रीतीनें पुरतें वाळविणें कठीणच. खालची बाजू अधिक तापते, यास्तव तीन-चार तासांनीं रीळ उलटावें. पाटी तापत असतां घर सोडून जाऊं नये.

किती तास? येथें घड्याळापेक्षां तराजूवर विसंबावें. स्वयंपाकघरांतील कांट्यावर रीळ आधीं तोलावें, मग दर दोन तासांनीं. माझें रीळ आठ तासांत तीन ग्रॅमनीं घटलें; पुढच्या दोन तासांत वजन हललें नाहीं, तेव्हां थांबलों. रिळाचा सांगाडा पुठ्ठ्याचा असल्यास तोही ओल टाकतो, हें हिशेबांत धरावें. वाळलेलें रीळ लगेच घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. नाहींतर पावसाळी हवा आपलें देणें पुन्हां वसूल करते.

नकाशा मीं पुन्हां छापला. त्या मुलाचें बोट भीमेवरून उतरत थेट नीरेच्या संगमावर थांबलें. आतां तो कृष्णेचा नकाशा मागतो आहे.