भूक, धर्म आणि स्वातंत्र्य

महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणाची एक कथा आहे. भुकेने व्याकुळ झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरतो आणि कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. चांडाळ जागा होतो व त्या ऋषीलाच धर्म सांगू लागतो! विश्वामित्राचे म्हणणे असे, की आधी जगले पाहिजे. जगलो तर धर्माचरण घडेल. कथाकार त्याला दोष देत नाही. मात्र ज्याच्या घरी मांस शिल्लक आहे त्यालाच त्या रात्री उपदेश सुचतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मग भुकेल्याला स्वतःची इच्छाच उरत नाही, असे म्हणावे काय? १८७७ साली दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्याचे एवढ्यात कसे भागावे? मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ती कामेच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अर्धपोटी माणसेही ‘नाही’ म्हणू शकतात, ती अशी. पण त्या नकाराचे मोल त्यांना आपल्या देहाने चुकवावे लागते, आणि धान्याचे कोठार ज्याच्या हाती असते तो स्वस्थ वाट पाहू शकतो. मद्रास इलाख्यात त्याच वर्षी मजुरी वाढवावी लागली.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ साली, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागणे हा खेड्यातील मजुराचा हक्क ठरला.