पाणी कोठे धावेल? नळीला विचारा!

विद्यार्थी मित्रांनो, बीड शहराजवळची खजाना विहीर तुम्ही पाहिली आहे का? ती निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. तिचे पाणी भुयारातून शेतांकडे जाते. ना पंप, ना वीज! मग पाणी वाहते कशाने? केवळ उताराने. बांधणाऱ्यांनी तो उतार आधी अचूक मोजला असला पाहिजे. चला, आपणही मोजू या.

१४ मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या. दीड मीटर उंचीच्या दोन काठ्यांवर तळापासून सेंटिमीटरच्या खुणा करा. नळीची दोन्ही टोके काठ्यांना उभी बांधून तिच्यात पाणी भरा. सपाट जागी पाणी साधारण निम्म्या उंचीवर दिसले पाहिजे. आता दोन्ही काठ्या शेजारी शेजारी, एकाच पातळीवर उभ्या करा. आकडे सारखे आले नाहीत? मग नळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे. तो आधी काढा.

आता काठ्या १० मीटर अंतरावर न्या. नेताना टोके अंगठ्याने बंद ठेवा, मोजताना उघडा. समजा, एकीकडे ८२ आणि दुसरीकडे ९७ सें.मी. आले. कोणती जागा खोल? चटकन ८२ म्हणू नका! नळीतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत असते. म्हणून जिथे आकडा मोठा, तिथे जमीन खाली. १० मीटरला १५ सें.मी., म्हणजे शेकडा दीड उतार झाला.

दुसरी काठी सरकवत दोन्ही आकडे सारखे येतील तिथे चुन्याची खूण करा. अशा खुणा जोडल्या की समपातळी रेषा मिळते. बालाघाटच्या उतारावर पाणी अडवणारे चर याच रेषेवर खणावे लागतात. रेषा चुकली तर पाणी खालच्या टोकाला गोळा होते आणि बांध फोडून माती घेऊन जाते. अवर्षणप्रवण बीडला हे परवडणारे नाही.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचाराने. गावातली मुले तेथे जोडकाम, बांधकाम, शेती हाताने करत त्यामागचे विज्ञान शिकू लागली. पुस्तकात बुडबुडा अडकत नाही. नळीत अडकतो, आणि तो शोधताना खरा अभियंता घडू लागतो.

तर मग, तुमच्या शाळेच्या अंगणातले पाणी कोणत्या कोपऱ्याकडे धावते? आधी अंदाज वहीत लिहा, मग मोजा. आणि पहिल्या पावसात छत्री घेऊन खात्री करायला विसरू नका!